चौदा दारं

आमचे हे सुतार. हातात कसब आहे, पण कौतुक ऐकायची हौस त्याहून मोठी. गावभर लोकांची स्वयंपाकघरं सजवली आणि आमच्याकडे मात्र उघड्या फळ्या, दिव्याखाली अंधार. मी बोलून बोलून थकले. शेवटी काचबिंदूने सासूबाईंची नजर गेली, तेव्हा ह्यांना जाग आली. म्हणाले, "आईला नवं स्वयंपाकघर करून देतो."

तीन आठवडे घरभर भुसा. प्रत्येक कपाटाच्या तोंडाशी उभ्या-आडव्या पट्ट्यांची लाकडी चौकट आणि त्या चौकटीच्या आत सपाट बसलेलं दार. भिंत वाकडी निघाली, तर चौकटीची कड तिच्या वाकडेपणाप्रमाणे रंध्याने तासून घेतली. दार आणि चौकट यांच्यातली फट पोस्टकार्ड सरकवून तपासायचे. चौदा दारं, चौदाही फटी सारख्या. शेजारीपाजारी बघायला आले आणि ह्यांना आकाश ठेंगणं झालं.

सकाळचा चहा आईंचा. दिसेनासं झालं तरी फळ्यांवर हात फिरवत त्याच करायच्या. "एवढं तरी माझं राहू दे," म्हणायच्या.

नव्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी त्यांनी एक दार उघडलं आणि वळताना त्याच दारावर कपाळ आपटलं. चांगलं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी साखर शोधता शोधता दूध उतू गेलं, कारण हाताला सगळी दारं सारखीच. तिसऱ्या दिवशी त्या बाहेरच खुर्चीवर बसल्या. "तूच कर गं चहा. माझं संपलं आता."

मला रडूही आलं आणि रागही. ह्यांना सरळ म्हटलं, "दारं देखणी आहेत हो तुमची. पण ज्या आईसाठी केलीत, ती बाहेर बसलीय."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, रुसले. दुपारी आई झोपल्यावर बघते तर हे एकेक बिजागरी सोडवतायत.

"अहो, सगळी कशाला काढताय?"

"मग कुठलं उघडं, कुठलं बंद, हे तिने लक्षात ठेवायचं?"

चौदा दारं चादरींत गुंडाळून माळ्यावर गेली. चौकटी तेवढ्या राहिल्या. मी डबे जुन्या क्रमाने लावले: पहिल्या खणात पातेली, दुसऱ्यात चहा, तिसऱ्यात साखर.

सकाळी ह्यांनी आतून हाक मारली, "आई, चहा कधी होणार?"

त्या नाही नाही म्हणत आल्या. दूध मी गॅसवर ठेवलंच होतं. त्यांचा हात चौकटीवरून सरकू लागला. एक पट्टी, दुसरी, तिसरी. साखरेचा डबा हाती लागला आणि त्या थबकल्या.

"दारं कुठे गेली रे?"

जन्मात कधी स्वतःच्या कामात खोट न मानलेला हा माणूस. मान खाली घालून म्हणाला, "काढली. फटी जमल्या नव्हत्या. माझंच माप चुकलं, आई."

आईंनी चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. बोट कुठेच अडखळलं नाही.

"असं होय," त्या म्हणाल्या. "बरं, सरक आता. दूध उतू जाईल."