धाकटीची घरघंटी

सासूबाई नांदेडहून आल्या की सुरुवातीचे काही दिवस आमच्या घरात धाकटीचाच विषय असतो. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती नांदेडला असते, मी लातूरला. मी शाळेत शिकवते, ती घरी असते. सासूबाई वर्षातले काही महिने तिच्याकडं आणि काही महिने आमच्याकडं राहतात. या खेपेला त्यांच्या बोलण्यात एक यंत्र आलं होतं. धाकटीकडं घरघंटी घेतली होती आणि ती सासूबाईंनी स्वतःच्या पेन्शनीतून घेऊन दिली होती.

हे मला कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. भाकरी मोडता मोडता त्याच बोलून गेल्या.

"गिरणीत पीठ लई तापतं बघ. विरीच जाती त्याची, चिकटपणा म्हणून ऱ्हात न्हाई. धाकटीकडचं पीठ थंडगार. भाकरीचा काठ म्हणून चिरत न्हाई."

त्यांच्या ताटात मी वाढलेल्या भाकरीचा काठ चिरलेला होता.

या घरात आधी मी आले. सासरे आजारी असताना दवाखान्यात डबे मी पोचवले. मला कधी कुणी चमचा घेऊन दिला नाही. त्या दुपारी भांडी घासताना मी हे सगळं मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं की नवरा आत आला तेव्हा ते तोंडातून बाहेरच पडलं. पण वेगळ्या रूपात.

"आपल्याला घरघंटी घ्यायचीय."

"कोपऱ्यावर गिरणी हाय की."

"घ्यायचीय."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

दुकानात मी धाकटीकडच्याच कंपनीची मागितली, पण तिच्याहून मोठी. रंगही तिच्यासारखा नको म्हटलं. रविवारी सकाळी टेम्पोतून घरघंटी आली. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मी ज्वारी निवडून ठेवली होती. समोरच्या काकूंना चहाला म्हणून बोलावलं होतं, खरं तर दाखवायला. वर दाणे ओतले, खाली डबा लावला आणि बटन दाबलं.

काहीच झालं नाही.

"लाईट गेली का?" काकू म्हणाल्या.

"पंखा फिरून राहिलाय की," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं पिन काढून पुन्हा लावली. मग फ्रिजच्या जागी लावून पाहिली. मी दार उघडलं, झाकलं, दाणे काढले, परत ओतले. शेवटी बाजूनं एक चापट मारली. दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, उद्या माणूस पाठवतो." काकू चहा पिऊन, "होईल सुरू," म्हणत निघून गेल्या. त्यांच्या आवाजातली सहानुभूती मला सहन होईना.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "धाकटीला विचार की. तिची तर बोट लावलं की चालती."

दुसरं काहीही चाललं असतं. पण त्या माझ्याकडं बघतच बसल्या, म्हणून मी फोन घेऊन गच्चीवर गेले. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "अक्का, आत्याबाई जवळ हायत का?"

"न्हाई. मी गच्चीवर हाय."

"मग सांगते. माझीबी बंद हाय. थोडे दिवस चालली अन् बसली. माणूस येऊन बघून गेला, मोटर गेली म्हणला. नवी मोटर अजून यायचीच हाय."

"मग पीठ?"

"गिरणीतलंच. आत्याबाई दुपारी भजनाला गेल्या की आमचे हे गिरणीत दळण घेऊन जायचे. मी परातीत पसरून पंख्याखाली गार करायची अन् डब्यात भरायची. त्यांनी एवढ्या हौसेनं घेऊन दिली, बंद पडली म्हणलं तर जिवाला लावून घेतील. तुम्ही सांगू नका हां, अक्का."

मला आधी आनंद झाला, अगदी उघडा आनंद. पण जिन्याच्या अर्ध्यावर येईपर्यंत तो आंबला. म्हणजे तेच गिरणीचं पीठ. मी वर्षानुवर्षं त्याचीच भाकरी वाढत आले होते. आणि पंख्याखाली गार करायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

"काय म्हणली?" सासूबाईंनी विचारलं.

सगळं जिभेवर आलं होतं. तरी मी म्हटलं, "उद्या माणूस आल्यावर बघू म्हणली." यात चांगुलपणा काही नव्हता. मी खरं सांगितलं असतं, तर सासूबाई म्हणाल्या असत्या, 'बघ, माझ्या जिवासाठी पोरीनं किती केलं!' ते मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. दाराच्या बिजागरीत थर्माकोलचा तुकडा अडकला होता. त्यामुळं दार पूर्ण लागत नव्हतं, आणि दार लागल्याशिवाय घरघंटी चालू होत नाही. त्यानं तुकडा काढला आणि घरभर घरघर सुरू झाली. संध्याकाळी मी त्या पिठाच्या भाकरी केल्या. काठ कुठंच चिरला नाही. सासूबाईंनी एक खाल्ली, वर अर्धी मागून घेतली.

"चांगली झाली," त्या म्हणाल्या. मग घास गिळून, "तिच्याकडं जराशी आणखी मऊ व्हायची."

नवरा घाईनं पाणी प्यायला लागला.

दिवाळीनंतर सासूबाई नांदेडला गेल्या. तोवर धाकटीची मोटर येऊन बसली होती. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज रुसलेला होता.

"अक्का, हितं रोज तुमच्याच पिठाचं कौतुक चाललंय. लातूरची भाकरी अशी अन् लातूरची भाकरी तशी. मी काय करावं सांगा."

मला बरं वाटलं. पण लगेच वाटलं, मग त्यांना हे माझ्या तोंडावर का म्हणता आलं नाही?

"आत्ता कुठं हायत त्या?"

"जेवायला बसल्यात."

"फोन जरा त्यांच्याजवळ धर. माझं नाव सांगू नको."

"कामून?"

"ऐकायचंय मला."

ती हसली आणि फोन घेऊन आत गेली. टीव्हीचा आवाज आला, ताटाचा आला. मी फोन कानाला घट्ट दाबला. सासूबाई 'लातूरची भाकरी...' म्हणता म्हणता थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणाचा फोन हाय गं?"