मुहूर्ताच्या सकाळचा चहा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. बीएससीला आहे. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटते...

गेल्या वर्षी जबलपूरला, बडा फुहारा चौकाजवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये वहिनीला ॲडमिट केलं होतं. बाळ आडवं होतं, सिझेरियन ठरलेलंच. डॉक्टर मॅडम म्हणत होत्या, "थोड़ा और रुकते हैं." पण दोन दिवसांनी पितृपक्ष लागणार होता. आईने गुरुजींकडून त्याच्या आदल्या दिवसाचा मुहूर्त काढून आणला — सकाळी अकरा वीस. "पितरांच्या दिवसांत लेकरू नको," म्हणून ती हटूनच बसली. मॅडमनी पुन्हा दिवस मोजले आणि शेवटी हो म्हटलं.

वहिनी रात्रीपासून उपाशी होती. दहाच्या सुमारास एक वयस्क सिस्टर आली. वहिनीच्या पोटावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली... मग म्हणाली, "अभी कच्चा है. पी लो, बेटा." आणि चहा-टोस्टचा ट्रे पुढे केला. ऑपरेशनआधी काही द्यायचं नसतं, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं — आवाजच फुटला नाही. वहिनीने कप रिकामा केला.

ऑपरेशन रद्द झालं. मुहूर्त हुकला, आणि पितृपक्षात आई तयार होईना. अशी कोणी सिस्टर तिथे नव्हतीच. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात ट्रे घेऊन खोलीत शिरताना दिसली, ती मी.

"काहून दिला चहा? कॉलेजात हेच शिकून राहिली काय?" आई सगळ्यांसमोर ओरडली.

"आई, ही तर खुर्चीवर बसली होती. सिस्टरनेच दिला," वहिनी सांगत राहिली. कोणी ऐकेना.

आता बाळाला काही झालं तर ते माझ्यामुळे... रोज उठल्या उठल्या मी वहिनीला विचारायची, "हलतंय ना?"

सर्वपित्री अमावस्येला कळा सुरू झाल्या. सिझेरियन झालं. मुलगी खणखणीत रडली. तिला तपासून मॅडम म्हणाल्या, "पहली सोनोग्राफी देर से हुई थी, गिनती में गड़बड़ रह गई. दिन तो अब पूरे हुए हैं. उस दिन निकालते, तो साँस का कुछ कह नहीं सकते थे."

आईने नातीला मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "कशी दिसत होती गं ती?"

मी सांगायला लागले... आणि थांबले. चेहरा आठवेना. वहिनीलाही नाही.

ट्रेचं वजन मात्र माझ्या हातांना अजून आठवतं. ते कसं, हे मला खरंच सांगता येत नाही.