टेकाडावरचा नळ आणि माझी डोकेदुखी

नळाच्या कामावरच्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. तो जेवायला बसला की ते आपणहून दारात येतात, तेही आरडाओरडा करत! महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, मी नवानवा ओव्हरसिअर होतो आणि मोताळ्याकडच्या एका गावाला नळ द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. खरी गरज होती टेकाडावरच्या वस्तीला. तिथली माणसं नाल्याचं पाणी पीत, आणि मागच्या उन्हाळ्यात पटकीनं तिथली लेकरं गेली होती.

*

पाइपसाठी फक्कीची सरळ रेघ मारावी, तर सकाळी ती शेजाऱ्याच्या अंगणात सरकलेली! शेवटी एकाला पकडलंच.

"तुम्हाला नळ नको का हो?"

"पाह्यजे ना सायेब! नळ माह्या दारात, पाइप त्याच्या दारातून!"

*

मळ्यातल्या लाइनीचा एक जॉइंट कितीही आवळा, दुसऱ्या दिवशी सैल. एकदा पान्हा घेऊन गेलो, तर त्याच्या शेजारीच वांग्यांचा झकास वाफा! मळेवाला उलटा माझ्यावरच तापला.

"तुमी जॉइंट आवळला तं माह्या वांग्याइले काय तुमी पाणी पाजसान?"

संध्याकाळी त्यानं भरतासाठी वांगी धाडली. मी खाल्ली. काय करणार!

*

पाणी सुरू झालं तसे खालच्या आळीतले नळ दिवसरात्र उघडे. टाकी रिकामी आणि टेकाडावर थेंब नाही! एका बाईंना विचारलं, "नळ बंद काऊन करत नाही?"

"बंद केला तं पाणी आलं हे समजन कसं?"



*

व्हॉल्व्हची चावी असायची वॉलमन किसनदादाकडे. एकदा तो चावीसकट लग्नाला गेला आणि सगळं गाव कोरडं! परतल्यावर मी कडाडलो, "चावी ठेवून जायचं ना!"

"तिजोरीची चावी तुमी ठेवून जासान काय सायेब?"

*

अखेर टेकाडावर पाणी चढलं. तिथला नळ नेमका किसनदादाच्या लेकीच्या सासरच्या दारात. पण पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास आला आणि वस्तीत ओरड झाली, "यात जहर हाय!" बाया घागरी घेऊन पुन्हा नाल्याकडे वळल्या. मी सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायलो.

"तुमी सरकारी माणूस, तुमाले पचते!"

मग मी दुसरा तांब्या भरून किसनदादापुढे धरला. तो मागे सरकला!

"लेकीच्या दारचं पाणी मी पेत नाही सायेब. तिले लेकरू होयपर्यंत तं नाहीच."

विहीणबाईंनी तेवढंच धरलं. "रीत-गीत काही नाही, निमित्त हाय! पावडर टाकते हा, अन् पेत नाही हा!"

मी हात जोडले, ओरडलो, पाइप सरकारचा आहे म्हणून सांगून पाहिलं. दादा हलेना. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात त्याची लेक पुढे आली.

"सायेब, मले द्या."

ती तांब्या तोंडाला लावणार, तोच सासू किंचाळली, "नोको पेऊ वं! पोटुशी हायेस तू!"

बापाला ही बातमी आत्ताच कळत होती.

किसनदादानं लेकीच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली आणला. मग मिशा पुसत विहीणबाईंकडे वळला.

"गोड हाय. पाजा तिले."