फोटोतला फ्रॉक

रेडिओ केंद्रात सूचना वाचणाऱ्या बाईंना सगळे 'उलटतपासणी' म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. पोलिसांकडून हरवलेल्या मुलाची सूचना आली की बाई ती सरळ वाचायला घेत नसत. आधी आपल्या वहीतल्या नंबरवर पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला स्वतः फोन लावत, समोरचा माणूस खरा आहे ना हे बघत, आणि मग कागदावरची एकेक ओळ विचारून घेत. संपादक म्हणायचे, सूर्य उगवला असं कुणी कळवलं तरी ही बाई फोन लावून कोणी पाहिला ते विचारेल.

ही खोड त्यांना फुकट लागलेली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका मुलाची सूचना घाईघाईने वाचली होती: लाल शर्ट, वय पाच. तो मुलगा दिवसभर एका टायरवाल्याच्या पायरीवर बसून होता आणि टायरवाल्याचा रेडिओही चालूच होता. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला, तापाने फणफणलेला. टायरवाला म्हणाला, "तुम्ही लाल शर्ट म्हणालात. ह्याच्या अंगात तर हिरवा होता." लाल शर्ट फोटोतला होता. अर्ज भरणाऱ्याने फोटो बघून रकाना भरला होता आणि बाईंनी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला होता. त्या आवाजाचं कौतुकही झालं होतं त्या दिवशी.

तर त्या दुपारी सव्वाचारला सूचना आली. सहा वर्षांची मुलगी, दीड वाजता शाळा सुटल्यापासून बेपत्ता. शाळेला गणवेश नाही. निळा फ्रॉक, पांढरी कॉलर, दोन वेण्या. सोबत फोटो. टीव्हीवाल्यांची पट्टी तयार होती. ती आणि रेडिओवरची सूचना एकाच वेळी, साडेचारला जायची होती. बाईंनी फोन लावला. पलीकडे नेहमीचे हवालदार होते, अकरा वर्षांची ओळख, पण एकमेकांचं तोंड दोनदाच पाहिलेलं.

हवालदार म्हणाले की सगळं बरोबर आहे, साहेब डोक्यावर उभे आहेत, आज उलटतपासणी राहू द्या. बाई फोटो बघत होत्या. बाईंचे वडील शिंपी. बोलायला लागण्याआधी त्या काज-बटणं ओळखायला शिकल्या होत्या. फ्रॉकच्या खालच्या कडेपासून चार बोटं वर एक फिकट रेघ होती. दुमड उसवून फ्रॉक लांब केला की जुनी घडी अशी उमटून राहते. म्हणजे फोटो काढला तेव्हाच फ्रॉक आखूड होत आला होता. आणि फोटोतल्या पोरीचे पुढचे दात दुधाचे, सगळे जागच्या जागी; सहाव्या वर्षी ते पडायला लागलेले असतात.

"हवालदारसाहेब, हा फोटो वर्षा-दीड वर्षापूर्वीचा आहे. हा फ्रॉक आता तिच्या अंगात शिरायचा नाही. कपडे कोणी सांगितले?"

"वडिलांनी. कामावरून थेट इथेच आलेत बिचारे."

"सकाळी तिला तयार कोणी केलं?"

हवालदारांनी रिसीव्हर बाजूला धरला. मग लांबून कुणाला तरी विचारल्याचा आवाज, आणि उत्तर आलं की आत्याने. आत्या शाळेच्या रस्त्याने शोधत फिरत होती. दारात संपादक घड्याळ धरून उभे. चार अठ्ठावीस. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टीव्हीवाल्यांना मात्र दुसऱ्या फोनवरून कळवलं, पट्टी सोडू नका, मजकूर बदलतोय. पोरगी कुठेतरी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर बसलेली असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या डोळ्यांना काय शोधायचं ते नीट सांगायला हवं होतं. त्यासाठी दहा मिनिटं गेली तर गेली.

नऊ मिनिटं लागली. आत्या फोनवर रडत रडत हवालदारांना म्हणाली होती: पिवळा स्वेटर, तपकिरी पँट. आणि केस? केस गेल्याच आठवड्यात कापलेत, उवा झाल्या म्हणून, अगदी बारीक.

चार सदतीसला बाईंनी सूचना वाचली. सावकाश, दोनदा. केस मुलासारखे बारीक कापलेले, हे वाक्य जरा जास्तच सावकाश. दिसली तर ओढू नका, जवळ थांबा, या नंबरवर फोन करा.

पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटच्या थांब्यावरून, रेडिओ ऐकून, एका बस ड्रायव्हरचा फोन नियंत्रण कक्षात गेला. पिवळा स्वेटर दुपारपासून मागच्या सीटवर होता. दोन फेऱ्या झाल्या होत्या, पोर झोपलेलं. तो म्हणाला, "मी पोरगा समजलो ना. पुढे बसलेल्या कुणा बाईचा असेल म्हटलं. वेण्या म्हणाला असतात तर मी मागे वळूनही बघितलं नसतं."

पाऊण तासाने मुलगी नियंत्रण कक्षात पोचली, तेव्हा हवालदारांनी बाईंना कळवलं. संपादकांनी काचेपलीकडून खूण केली, वाचा. बाईंनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

"स्वतः कोणी पाहिली?"

"आत्याने. कडेवर घेऊन उभी आहे माझ्यासमोर. पोरगी म्हणते मला खाली सोड, मी मोठी झाले."

"बरं," बाई म्हणाल्या. "आता वाचते."

मुलगी सुखरूप आहे, शोध थांबवा, फोटो पुढे पाठवू नका, एवढंच त्यांनी वाचलं. नाव यावेळी मुद्दाम घेतलं नाही; पोरगी सापडली, आता ते गावभर जायची गरज नव्हती. माइक बंद करून त्यांनी तो फोटो पुन्हा एकदा बघितला, फ्रॉकच्या कडेची ती रेघ, आणि मग नियमाप्रमाणे संगणकावरून पुसून टाकला.