पंपाचा कागद

लग्नाची पत्रिका हातात दिली की माणूस आधी काय बघतो? कोणाचं लग्न, कधी, कुठे. आमचे मिस्त्री तसं काही करत नसत. पत्रिकेचा कोपरा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून ते डोळे मिटून चोळायचे आणि म्हणायचे, "जाड हाय. तेल नाय उचलणार." पत्रिका देणारा बिचारा मुलाचा बाप! त्याला वाटायचं, माणसाने लग्नातच खोट काढली.

जव्हारच्या बाहेर, उतारावर, एका शेठची खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, तेलगिरणी होती. तिथे मी कारकून आणि ते पंप मिस्त्री. नव्वदच्या दशकातली गोष्ट. थंडी पडली की जामसरपासून पार खोडाळ्यापर्यंतची काळी खुरासणी गोण्यांनी यायची. घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असे. ते कापडाच्या गाळणीतून दाबून काढायचं काम एका जुन्या गिअर पंपाचं. पंप असेल दोन नारळांएवढा, पण तो अडला की सगळी गिरणी अडायची.

मी नवा होतो तेव्हा मला वाटे, लोखंडी डबीत दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात म्हणजे तेल त्यांच्या मधून जात असणार. शेठलाही तेच वाटे, आणि गिरणी त्यांची होती! मिस्त्रींनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "मधून नाय, भाऊसाहेब. मधी दातात दात बसतो, जागा हाय कुठे? तेल कडेकडेनं जातं, दातांच्या खाचेत बसून. पलीकडं दात भेटले का खाचेतलं तेल बाहेर." इतकी वर्षं शाळेत घालवली, पण असं कोणी शिकवलं असेल तर शपथ.

रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी ते त्याच्या तोंडात तांब्याभर स्वच्छ तेल ओतायचे. "उपाशी पळवू नका त्याला. कोरडा फिरला का सोताचेच दात खातो." पंपाला तेल पाजल्याशिवाय स्वतः चहाला तोंड लावत नसत. दुसरा नियम म्हणजे पुढच्या पाइपाची चावी उघडी आहे का ते आधी बघायचं. "हा लई हट्टी हाय. दार बंद दिसलं तर परत नाय फिरणार, भिंत फोडेल." एका नव्या गड्याने हे हसण्यावारी नेलं, आणि त्याच दिवशी जादा दाब सोडणारी झडप कोणीतरी घट्ट पिळून ठेवलेली होती. चावी बंद, पंप चालू. पाइपाचा सांधा असा उडाला की शेठचा पांढराशुभ्र सदरा डोळ्यांदेखत काळा झाला. मिस्त्री शांतपणे बटण बंद करत म्हणाले, "बोललो होतो." एवढंच.

आता तो कागद. पंपाची डबी आणि तिचं झाकण यांच्यामध्ये कागदाचं गॅस्केट बसतं. चाकांना बाजूने किती जागा मिळणार ते त्या कागदाच्या जाडीवर ठरतं. कागद जाड झाला तर तेल मागच्या मागे घसरतं, पंप नुसताच फिरतो. पातळ झाला तर चाकं झाकणाला घासतात आणि तेलात लोखंडाची पूड येते. आमचा पंप म्हातारा, चाकं झिजलेली, त्यामुळे दुकानातलं तयार गॅस्केट त्याला चालेना. बारीक गाळामुळे महिन्यातून एकदा तरी पंप उघडावा लागे, आणि उघडला की नवा कागद. मिस्त्री मिळेल तो कागद चोळून बघायचे. माझ्या ऑफिसातलं कॅलेंडर तर त्यांचं शेतच होतं. एका जानेवारीत बघतो, तर मार्च महिना गायब! मी तणतणत गेलो. म्हणाले, "मार्चचा कागद बरोबर होता." अहो, सगळी पानं एकाच कागदाची! पण नाही, त्यांच्या बोटांना फरक कळायचा. त्या वर्षी होळीची सुट्टी मी लोकांना विचारून घेतली.

मग एका हंगामात काहीतरी बिनसलं. पंप उघडून बसवला की तेल उचलेना. पुन्हा उघडा, पुन्हा कागद. एकदा तर गाळणीच्या कापडावर लोखंडाची चकचकीत पूड दिसली. शेठ माझ्यासमोरच म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर मिस्त्रींना घरी बसवावं लागेल."

मी मिस्त्रींकडे गेलो तेव्हा ते कागद चोळत बसले होते. "हा बरोबर," म्हणाले. मी बघितलं, तर त्यांच्या चिमटीत दोन पानं होती, एकाला एक चिकटलेली. मी ती वेगळी करून दाखवली. त्यांनी दोन्ही पानं खाली ठेवली. मग म्हणाले, "बोटं मेली, भाऊसाहेब. साखरेनं. डॉक्टर बोलला, परत नाय येणार." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "शेठला सांगू नका. मला घरी बसवलं तर मी दोन महिन्यांत मरेन."

मी मूग गिळून गप्प बसलो. कारकुनाला ते छान जमतं.

आणि नवल बघा, त्यानंतर पंप झकास चालायला लागला! मला कळेना, मेलेली बोटं जिवंत कशी झाली. पंप उघडायच्या दिवशी मिस्त्रींची बायको भाकरी घेऊन यायची. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. एकदा मी खिडकीतून बघितलं. मिस्त्री भाकरी खात होते आणि काकी पलीकडे तोंड करून, मांडीवरच्या कागदांवरून बोटं फिरवत होती. एक कागद तिने बाजूला काढला. जन्मभर नागलीचे पापड लाटलेली बोटं ती! मी खिडकी लावून घेतली. असे दोन हंगाम गेले.

तिसऱ्या हंगामात शेठनी नाशिकहून एक फिटर आणला. मिस्त्री थकले, आता कोणीतरी शिकलेला हवा, असं त्यांच्या मनात होतं. फिटरने पंप उघडला, साफ केला, आपलं तयार गॅस्केट लावलं. पंप सुरू. चाकं फिरली, दाबाचा काटा हलेना. पुन्हा केलं, तरी तेच. दुपार झाली. काकी भाकरी घेऊन येऊन उभी होती.

शेठ वैतागून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही तुमचा कागद लावा. आज बघूच."

मिस्त्रींनी तीन कागद उचलले. फिटर त्यांच्या खांद्याशी येऊन उभा राहिला, शेठ समोर. अंदाजाने एखादा कागद उचलता आला असता. पण तो पातळ निघाला असता तर म्हातारा पंप जागीच अडकला असता. मिस्त्रींनी कागद खाली ठेवले.

"शेठ, माझी बोटं मेलीत. दोन सालं कागद ही निवडते," काकीकडे हात करून ते म्हणाले. "पंप हिच्या हातावर चाललाय."

शेठ म्हणाले, "मग तुम्ही काय करता?"

"मी बोल्ट आवळतो."

काकी भडकली. "चारचौघांत सांगायची काय गरज होती?" असं म्हणत तिने लुगड्याला हात पुसले, तिन्ही कागद एकेक करून चोळले आणि मधला उचलला. मिस्त्रींनी तो कापला, तेलात भिजवला, बोल्ट समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले. तांब्याभर तेल पाजलं. बटण दाबलं. काटा चढला आणि गाळणीच्या तोटीतून सोनेरी तेलाची धार लागली. फिटरने उरलेला तुकडा स्वतः चोळून बघितला. "यार, इसमें फरक क्या है?" काकीला हिंदी येत नव्हती, पण ती हसली.

शेठनी सगळ्यांना चहा मागवला. मग मला म्हणाले, "उद्यापासून बाईंचं नाव हजेरीत घाल."

"आणि मिस्त्रींचं?"

"ते काढ म्हटलं का मी?"

त्यानंतरची चार वर्षं मी त्या गिरणीतली सगळ्यात सुखाची म्हणेन. कोणी "मिस्त्री कुठेत?" विचारत आला की ते खुशाल काकीकडे बोट दाखवायचे आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचे. ते गेले ते झोपेत, कोणाला त्रास न देता. दोन महिन्यांत मरेन म्हणालेला माणूस!

पंधरा-वीस दिवसांनी काकी कामावर आली. त्याच दिवशी पंप उघडायचा होता. तिने पहिल्या झटक्यात कागद निवडला, कापला, बसवला, झाकण लावलं. मग पाना हातात घेऊन नुसतीच बसून राहिली. गडी तीन-चार होते, पण तिने मला हाक मारली.

"भाऊसाहेब, तेवढं बोल्ट आवळता का?"

माझ्या हाताला तोवर शाईखेरीज काही लागलं नव्हतं. मी बाह्या सारल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. "समोरासमोरचे," ती म्हणाली, "आणि थोडे थोडे." गिरणी बंद होईपर्यंत ते काम मग माझ्याकडेच राहिलं.