नोटरीने आईला नाव विचारलं

कॅनडातल्या मराठी मंडळींनो, लग्नात बाईचं नावच बदलायचं ही आपली रीत, आणि तिचा जाच इथल्या प्रत्येक अर्जात आपल्या आयांना!

माझ्या आईचा नागरिकत्वाचा अर्ज त्यावरूनच अडला होता. शाळेच्या दाखल्यावर इंदू, पासपोर्टवर सुनंदा. दोघी एकच, असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र हवं होतं. बाहेर बर्फ, म्हणून आज सकाळी ओकव्हिलच्या घरातूनच व्हिडिओ कॉलवर नोटरी गाठली.

"तुम्हाला कोणत्या नावाने बोलावू?" नोटरीबाईंनी इंग्रजीत आईला विचारलं.

सभांमधून भाषणं करणारा मी, सवयीने मीच म्हणालो, "सुनंदा."

"मी त्यांना विचारलंय."

आई माझ्याकडे वळली. "तुझी भाषणं बाहेर. इथे मी बोलते." मग कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "माय नेम इज इंदू. दे मेड मी सुनंदा. आय ॲम बोथ."

शपथ घेऊन तिने स्क्रीनवर बोटाने ठसठशीत सही केली.

मी इतकी व्यासपीठं गाजवली, पण इतकं नेमकं कधी बोललो नाही.

तुमच्या आईचं माहेरचं नाव काय? आजच फोन करा आणि त्या नावाने तिला हाक मारा.