आईचा धवला

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी यायच्या आधीपासून घरचे विधी धवल्यांवर, म्हणजे गाण्यांवर चालतात, आणि ती गाणी सांगणारी बाई म्हणजे धवलारीण. आमच्या शिरवणे गावात आई आल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. ती एक ओळ म्हणायची, बायका तीच ओळ उचलायच्या, मग ती पुढची म्हणायची. उचलली नाही तर पुढे जायचं नाही, आणि लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, हे तिचे दोन नियम. धवल्यात एकेका देवाला मांडवात बोलावतात. ओळ मध्येच तुटली तर तो देव दारातच उभा राहतो, असं ती मानायची.

लहानपणी तिच्या मांडीला मांडी लावून मी ओळी उचलल्या आहेत. पुढे शाळेत माझ्या ‘पानी’ला मुली फिदीफिदी हसल्या आणि मी घरातही ‘पाणी’ म्हणायला लागले. आईला त्याचं कौतुक. मला मात्र तिच्या बोलण्याची लाज वाटायला लागली होती. लग्नानंतर खांदेश्वरला फ्लॅटमध्ये आले, बँकेत नोकरी केली. आमच्या सोसायटीत मी गावठाणातली आहे हे कितीतरी जणांना अजून ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेले नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं ते देशावरच्या घरात. माणसं भली, शिकलेली. हल्ली करतात तशी दोन्हीकडची हळद एकत्र, हॉलमध्ये, डीजे लावून. मी आईला आधीच बजावलं होतं, “पाच मिनिटांत आटप हं.”

“पाच मिन्टान देव कसं येतील गो?” असं म्हणून ती हसली होती.

तिच्याबरोबर ओळ उचलणाऱ्या दोघी म्हाताऱ्या गावात होत्या. त्यांना मी लग्नाचं आमंत्रण दिलं, हळदीचं दिलं नाही. विहीणबाईंसमोर तीन-तीन लुगडी नकोत, हा माझा हिशेब. आज लिहितानाही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. आईने एका शब्दाने विचारलं नाही. तिला वाटलं असणार, लेक आहे ना उचलायला.

हळदीच्या दिवशी डीजे थांबवला. आई पोरीच्या चौरंगाशेजारी खाली बसली आणि तिने पहिली ओळ म्हटली. आवाज थोडा चिरकला. मग ती थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. भावजयांना, भाच्यांना ओळी येत नव्हत्या. मला येत होत्या. ओळ अगदी जिभेवर होती.

“या काय म्हणतायत हो?” विहीणबाईंनी विचारलं. त्यांनी कौतुकाने विचारलं होतं, हे मला आता कळतं.

“काहीतरी जुनं आहे,” मी म्हणाले.

आईने तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा म्हटली नाही. नातीच्या गालाला हळद लावून ती गुडघ्यावर हात टेकत उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि डीजे सुरू झाला.

निघताना ती गाडीत बसल्यावर म्हणाली, “देवाला बोलवलं आन् दारानच उभा ठेवला गो.” चिडून नाही, नुसतंच म्हणाली. मी म्हटलं, “आई, तू पण ना, टेन्शन नको घेऊ.” त्यानंतर ती कुठल्याच हळदीला गायली नाही. बोलवायला येणाऱ्यांना सांगायची, गळा गेला.

यंदा तिने अंथरूण धरलं. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “आई, तू म्हण, मी उचलते.” ती डोळे मिटून पडून राहिली. मग मीच ती ओळ म्हटली, तिच्याच बोलीत, तिच्याच चालीत. इतक्या वर्षांनी एक शब्दही चुकला नाही. तिने डोळे उघडले, शेवटपर्यंत ऐकलं. ती उचलेल म्हणून मी थांबले.

तिने माझा हात थोपटला. “लगीन कोनाचं हाय?”

“कोनाचंच नाय,” मी म्हणाले.

“मंग नको म्हनू,” ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.